शनिवारची नावं

शनिवार, ३१ ऑगस्ट १९५७

नावं २९. पाद्रीसाहेबांची चिठ्ठी साडेपाचला आली. लगेच शेगडी पेटवली. पीठ वस्त्रगाळ, पाणी बेताचं, मीठ नाही, सोडा नाही. मॅडमसाहेबांचा लोखंडी साचा मेणानं पुसून घेतला. लढाई लागली तेव्हा आमच्या जर्मन पाद्र्यांना आणि मॅडमना सरकारनं धरून नेलं. जाताना प्रभुभोजनाच्या चकत्यांचा हा साचा मॅडमनी माझ्या हातात दिला. अठरा वर्षं झाली, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला नाही.

नवे पाद्री थोरात येऊन तीन महिने झाले. (पुढे पा.सा. एवढंच लिहीन.) वयानं लहान, पण माणूस बरा. आज त्यांची बायको, कमल, नावं देण्याच्या वेळी ओट्यावर येऊन उभी राहिली. बावीसची असेल. म्हणते, "राहेलमावशी, प्रभूच्या मेजाला जायचं तर आदल्या दिवशी नाव कशाला द्यायचं? रेशनची रांग आहे का?"

सगळे हसले. माझा सामूसुद्धा.

मी म्हटलं, "नाव देताना पाद्री विचारतात, कुणाशी वाकडं आहे का? असेल तर आधी जाऊन मिटवायचं, मग नाव. आपण ल्यूथरन म्हणवतो ते उगाच नाही. आणि नावं जितकी तितक्याच चकत्या मी भाजते. एक जास्त नाही, एक कमी नाही."

ती म्हणाली, "हो का?" आणि गोड हसली. दात छान आहेत.

मग पा.सां.नी मलाही विचारलं, कुणाशी वाकडं? नाही म्हटलं. ओट्यावर चढेपर्यंत ते खरं होतं.

रविवार, १ सप्टें.

देवळात पेटी आली. कमलची, माहेरची. आजवर गीताचा पहिला सूर मी धरायची, मंडळी मागून यायची. आज तोंड उघडलं तर पेटी पुढे गेली होती. गप्प बसले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बायका तिच्या पातळाचा काठ बघत होत्या. उपासनेत!

गुरुवार, १२ सप्टें.

सामूची पहिली पाळी. औषधाच्या कारखान्याचा भोंगा तीनला झाला, हा आला साडेसातला. कमलनं तरुण मंडळींची गायनाची चौकडी काढली आहे, त्यात हा जाड आवाजाचा. तिथेच जेवूनही आला.

"काय होतं जेवायला?"

"खिमा. आई, वहिनी काय करतात गं खिमा!"

मी वालाची उसळ केली होती. झाकून ठेवली. सकाळी दवाखान्यात डब्याला नेईन, आम्हा नर्सबायांना काय, शिळंपाकं चालतं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मी मोजते आहे, शंभर होऊन गेले.

रविवार, २२ सप्टें.

पा.सां.नी वेदीपुढून जाहीर केलं. एक, ऑक्टोबरपासून नाव देण्याची सक्ती नाही. ज्याला यावंसं वाटेल त्यानं यावं. दोन, नोव्हेंबरात, ल्यूथरसाहेबांनी मंडळी सुधारली त्या सुधारणेच्या सणापासून, चकत्या मुंबईहून तयार आणवायच्या. पुडक्यात येतात. मोठ्या शहरांत सगळीकडे तसंच आहे.

"आपल्या मंडळीचा जन्मच सुधारणेतून झाला," असंही म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

बाहेर आल्यावर कमल जवळ आली. "मावशी, तुम्हाला किती त्रास होतो शेगडीपुढे. आता आराम करा."

आराम! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर तोंडानं मी म्हटलं, "हो बाई, बरं झालं." घरी येऊन साचा उशाशी घेऊन बसले. वेडी म्हातारी.

मत्सर म्हणतात तो हाच. दुसऱ्यांना लागला की ओळखू येतो. मला तो नको तेवढा ओळखू येतो आहे, आणि जात नाही. तिचा आवाज खरंच चांगला आहे, हेच तर दुखणं आहे.

शनिवार, ५ ऑक्टो.

चार वाजता सवयीनं पा.सां.च्या ओट्यापर्यंत गेले. ओटा रिकामा. आत पेटीवर तालीम, सामूचा आवाज सगळ्यांत मोठा. पा.सा. बाहेर आले. मी म्हटलं, "नावांशिवाय मोजू कसं? कुणाला तरी कमी पडेल." म्हणाले, "चाळीस भाजा राहेलबाई. उरल्या तर उरल्या."

उरल्या तर उरल्या. प्रभूचं शरीर होणारी भाकर, आणि हे असं बोलतात.

चाळीस भाजल्या. औषधाच्या डबीच्या झाकणानं कापून घेतल्या. एकही करपली नाही.

रविवार, ६ ऑक्टो.

जे झालं ते लिहिते. लिहिलं नाही तर झालंच नाही असं मी मला पटवीन. माझा मला भरवसा नाही.

सकाळी लवकर जाऊन ताटली वेदीशेजारच्या खोलीत ठेवली, वर पांढरं कापड. चाळीस. मंडळी बसल्यावर दाराच्या फटीतून माणसं मोजली. भोजनाला येणारी, पा.सा. धरून, पस्तीस. कमल सगळ्यांत शेवटी येते, कारण सगळ्यांचं होईतो ती पेटी वाजवत असते.

मी सहा काढल्या. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. ताटलीत चौतीस.

तिच्या नवऱ्याला रिकामी ताटली घेऊन तिच्यापुढे उभं राहावं लागावं, एवढंच मनात होतं. बघू दे सगळ्यांना, नावं नसली की काय होतं. पाच उरलेल्या आणि एक तिची. हिशेब एकदम चोख.

पण हस्ताचा पाऊस. सगुणाआजी मोशीहून चालत येते, ती ओलीचिंब होऊन दुसऱ्या गीताला आत आली. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं. मागे बसली, म्हणून बायकांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. गुडघे टेकले. हात पुढे केले. पा.सां.नी ताटलीत बघितलं, मग कापडाखाली बघितलं, मग पुन्हा ताटलीत.

आजीचे हात तसेच. पाण्यानं सुरकुतलेले. मी चार हातांवर, गाठ मुठीत. उठायचं होतं. सांगायचं होतं, पडल्या होत्या, सापडल्या, काहीही. उठले नाही.

पा.सां.नी तिला नुसता प्याला दिला. कमलनं ताटली पाहिली आणि जागची उठलीच नाही. पेटी वाजवत राहिली. एक सूर चुकला.

बाहेर आजीनं माझा हात धरला. "बाय, म्या नाव न्हाई दिलं म्हून व्हय?"

"नाही गं आजी."

"न्हाई, बराबर हाय त्ये. नाव न देता कसं मिळंल. म्या आपली आली तशीच."

कमलनं तिला घरी नेलं, कोरडं नेसायला दिलं, जेवू घातलं. मी नेलं नाही.

मंगळवार, ८ ऑक्टो.

सामू वर्तमानपत्र घेऊन आला. रशियानं आकाशात चंद्र सोडलाय म्हणे, पृथ्वीभोवती फिरतो. कारखान्यात दुसरा विषय नाही. मला त्याचं काही नाही.

मग जेवताना म्हणाला, "आई, तुझं मोजणं कधी चुकलं नव्हतं."

"नावं नव्हती तर मोजू काय?"

"ते खरं," म्हणाला. पोरानं लगेच विश्वास ठेवला. भात तसाच टाकून ताट उचललं.

सहा चकत्या बिस्किटांच्या डब्यात, वरच्या फळीवर आहेत. टाकवत नाहीत, खाववत नाहीत.

रविवार, १३ ऑक्टो.

पा.सा. वेदीपुढे उभे राहून म्हणाले, गेल्या खेपेला एक वृद्ध बहीण भाकरीविना परत गेली, त्याचा दोष माझा. राहेलबाईंनी मला सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. शनिवारी नावं देण्याची रीत पूर्ववत सुरू. चकत्याही मुंबईहून येणार नाहीत, राहेलबाईंच्याच हातच्या राहतील.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काहीजणी हसल्या, मायेनं. म्हाताऱ्या शिक्षकांनी हात जोडले.

मी जिंकले. महिनाभर जे मागत होते ते सगळं पदरात पडलं. पदर म्हटलं की आता गाठच आठवते.

चाळीस भाजा असं त्यांनीच सांगितलं होतं, हे ते विसरले? की विसरल्यासारखं करतात? माणूस सरळ आहे. चाळीस सांगितल्या पण कमी पडल्या, म्हणजे म्हातारीच्या हातून राहिल्या असतील, असं समजून त्यांनी स्वतःवर घेतलं असणार. खाई त्याला खवखवे.

शनिवार, १९ ऑक्टो.

कमल घरी आली. एकटी. दारात चपला काढून सरळ स्वयंपाकघरात.

"मावशी, मला साचा वापरायला शिकवाल?"

"कशाला? पुडकी आहेत ना तुमची."

"ती नको आता. तुमच्यानंतर कुणाला तरी यायला हवं."

माझ्यानंतर! जीभ चावली आणि साचा काढला. मेण किती लावायचं ते दाखवलं. तिनं जास्त लावलं, पहिली चकती धुरकटली. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. दुसरी बरी निघाली. तिसरी माझ्यासारखी. तेव्हा बरं वाटलं नाही.

हात धुताना पाठमोरी म्हणाली, "त्या दिवशी वेदीवर फुलं ठेवायला मी लवकर गेले होते. तुमच्या ताटलीवरचं कापड सरकलं होतं, ते नीट केलं. ताटली अगदी भरलेली होती."

शेगडीवर पाणी उकळत होतं. मी पातेलं उतरवलं.

"ह्यांना मी काही सांगितलेलं नाही," म्हणाली, आणि हात पुसून विचारलं, "पीठ कुठल्या गिरणीतून आणता?"

सांगितलं. गेली.

तिनं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ही मुलगी माझ्यापेक्षा चांगली गाते, चांगला खिमा करते, आणि आता चांगुलपणातही माझ्या पुढे. मला काही शिल्लकच ठेवायचं नाही असं ठरवून आली आहे का?

गुरुवार, ३१ ऑक्टो.

दवाखाना अर्ध्या दिवसानं सोडून चाकणच्या एस.टी.नं मोशीला उतरले. सगुणाआजी अंगणात कांदे निवडत होती.

म्हटलं, "आजी, रविवारी सुधारणेचा सण. येणार ना?"

"न्हाई बाय. आता शनवारी नाव द्याया म्याच यायचं म्हनत्यात. चालत या, आयतवारी पुन्यांदा या. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. आन नाव न देता यायचं आता भ्या वाटतं. समद्यांच्या म्होरं हात तसंच ऱ्हायलं माझं."

आधी तिचं नाव मीच देत असे. ऑक्टोबरात नावंच नव्हती म्हणून दिलं नाही. हे मी तिला सांगितलं, आणि यापुढेही मीच देईन म्हटलं.

मग म्हटलं, "आजी, त्या दिवशी चूक माझी होती."

"तुजी कशी? तू तर भाजून देतीस." आणि निघताना पदरात कांदे घातले. त्याच पदरात.

पुढचं बोलले नाही. एस.टी. आली.

शनिवार, २ नोव्हें.

चारला ओट्यावर गेले. रांग होती, पूर्वीसारखी. रीत माझ्या मनासारखी झाली.

कमल माझ्या पुढे. पा.सां.नी स्वतःच्या बायकोलाही विचारलं, सगळ्यांना विचारतात तसंच. "कुणाशी वाकडं?"

"माझ्याकडून नाही," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

माझी पाळी. म्हटलं, "मोशीच्या सगुणाबाईंचं नाव लिहा. सामू सकाळी सायकलवर बसवून आणील." लिहिलं.

"आणि तुमचं? कुणाशी वाकडं?"

हाच प्रश्न राहावा म्हणून मी भांडले होते. अठरा वर्षं दर महिन्याला "नाही" म्हटलं आहे. आज ओठावर आला नाही तो शब्द.

"पीठ भिजवायचं आहे," म्हटलं आणि निघून आले.

साडेपाचला सामूनं चिठ्ठी आणली. पा.सां.चं अक्षर: "३३. तुमचं धरलेलं नाही. मी सातपर्यंत ओट्यावर आहे."

सामू म्हणाला, "आई, तुझं नाव कसं राहिलं?"

"तू आंघोळीला जा."

भाजून झालं. चौतीस. तेहतीस ताटलीत, कापडाखाली. चौतिसावी बशीत वेगळी.

डब्यातल्या त्या सहा काढल्या. कडक झाल्या आहेत, पण मोडल्या नाहीत. पुन्हा पदराच्या टोकाला बांधल्या, तशीच गाठ. पा.सां.चं घर इथून दोनशे पावलं. त्यांच्या ओट्यावर कंदील लागलेला दिसतो आहे, आणि शेजारी कोणीतरी बसलं आहे, बहुतेक तीच.

पावणेसात.