वाफेच्या मीटरमधल्या तीन नोंदी

२४ सप्टेंबर

आले एकदाची! अंथुर्ण्यात साखरबाईंच्या माडीवर खोली मिळाली. समोर ऊस, मागे डाळिंबाची बाग, आणि आल्याआल्या गरम भाकरी. कारखाना स्कूटीवरून दहा मिनिटांवर. गाळप सुरू व्हायच्या आत वाफेचे सगळे मीटर तपासायचे, हे माझं काम. शिफ्ट इंचार्ज मोहनराव हसतमुख आहेत. आधीचा तंत्रज्ञ रामहरी टाकी घासताना अपघातात गेला, तू जपून राहा, असं म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या गोकुळ फिटरनं मात्र मान खाली घातली.

२७ सप्टेंबर

मोठ्या टाकीच्या लाईनवरचा मीटर उघडला. त्याच्या सेन्सरमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. ती तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. त्यावरून तापमान कळतं, आणि तापमान धरून मीटर किती वाफ गेली ते काढतो. मेमरीत नऊ फेब्रुवारीच्या नोंदी सापडल्या. रामहरी गेला ती दुपार. टाकी सफाईसाठी बंद असताना वाफ तीन वेळा गेलेली. एकशे अठ्ठेचाळीस अंश, मग उतरत नव्वद, पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस. मग पुन्हा.

सेन्सर बिघडला असेल म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य अंशाला हवा तसा बरोबर शंभर ओहम रोध. सेन्सर ठणठणीत आहे.

३० सप्टेंबर

गोकुळला आकडे दाखवले. त्यानं सगळं सांगितलं. मरणाच्या आदल्या दिवशी रामहरीनं मोहनरावांना सगळ्यांदेखत मुस्काटात मारली होती म्हणे.

“ताई, तो आतनं हातातल्या पान्यानं ठोकत हुता. म्या ऐकलं. मोहनरावांनी झाकणापाशी जाऊ दिलं न्हाय.”

पोलिसांना सांगायला तयार झाला.

२ ऑक्टोबर, सकाळ

दसरा. कारखाना सुट्टीवर. नोंदी उतरवून घ्यायला मी आणि गोकुळ आलोय. इथून थेट इंदापूरचं पोलीस ठाणं. मोहनरावांची जीप फाटकात दिसली — कुणी सांगितलं त्यांना?

दुपार

गोकुळ मेला. माझ्यासमोर. मोठा पाना, आधी जबड्यावर — दात जिन्यावरून खाली उडाले — मग डोक्यावर. तो हात जोडत होता. तरी मोहनराव मारतच राहिले. माझ्या तोंडावर रक्त आहे, पुसलं तरी —

मीटरच्या केबिनमध्ये कडी लावलीय. मोबाईल जिन्यात पडला. खिडकीला गज.

दार ठोकतायत. हळू आवाजात म्हणतायत, पोरी, उघड, काय न्हाय करत.

दाराचा पत्रा फाटला. पान्याचं टोक आत आलं. त्याला केस चिकटलेत.

वही कपाटामागं टाकतेय. ज्याला सापडेल त्यानं — मीटर पोलिसांना द्या. अपघात नाही. पहिल्या वाफेनंतर रामहरी जिवंत होता. आतून ठोकत होता, म्हणून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह उघडला तेव्हाही आतून तो —

कडी तु