सह्या आधी, ठराव मागून

२५ सप्टेंबर
गणपूर्ती! प्रशिक्षणात बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला शब्द. शंभर माणसं नसली की ग्रामसभा तहकूब. मे महिन्यात तहकूब, ऑगस्टमध्ये तहकूब. आमच्या वस्तीची अंगणवाडी मंजूर होऊन वर्ष झालं, पण जागेचा ठराव होत नाही. माझी पिंकी चारची झाली. तिला पलीकडच्या अंगणवाडीत सोडायला रोज तिचा हात धरून गंगाखेडचा रस्ता ओलांडते, टिप्पर अंगावर येतात. तीन वर्षं सदस्य आहे मी! मिळालं काय — चहा-बिस्कीट.

२६ सप्टेंबर
आता सभा दोन ऑक्टोबरला. त्याच दिवशी दसरा! अख्खी वस्ती नागपूरला, दीक्षाभूमीला. कार्यालयात जाऊन भांडले. सरपंच बबिताबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. खुर्ची त्यांची, बोलणार भगवानराव! म्हणाले, "अवो रोहिणीताई, येवढं तापायचं काय? जाणाऱ्यांच्या सह्या आदीच घेऊन ठिवा. ठराव मागून लिहू."
इथे चालतंच तसं. पहिल्यांदा माणूस कामाचं बोलला.

२९ सप्टेंबर
शिपाई मुंजाजीमामांकडून रजिस्टर घेतलं, घरोघर फिरले. अंगठे धरून चौसष्ट! वरचं अर्धं पान कोरं, तिथे ठराव येणार. चांगुणामावशी पिशवी भरत होत्या. "अंगणवाडीची हाय ना? मंग दोनदा लावते," म्हणाल्या. हसू आवरेना.

२ ऑक्टोबर
सभा दहा मिनिटांत उरकली. समोर अकरा माणसं, रजिस्टरात एकशे सात — वस्तीच्या चौसष्ट, बाकी भगवानरावांनी गावातून जमवलेल्या! मी उभी राहून बोलले — जागा वस्तीतच, बुद्धविहाराच्या मागे. भगवानराव म्हणाले, "बराबर हाय." ग्रामसेवकांनी मान हलवली. लिहिलं मात्र काहीच नाही.

६ ऑक्टोबर
ग्रामसेवकांकडे ठरावाची नक्कल मागायला गेले. मुंजाजीमामा म्हणाले, "सायेब परभणीला गेलेत."

७ ऑक्टोबर
"सायेब मीटिंगला."

९ ऑक्टोबर
साहेब सापडले. म्हणे अर्ज करा. केला. पोच मागितली तर शिक्का सापडेना! निवडून आलेल्या बाईने आपल्याच ठरावासाठी अर्ज करायचा! डोकं फिरलं. घरी येऊन पिंकीवर उगाच ओरडले. लेकरू कोपऱ्यात जाऊन बसलं. वाईट वाटलं.

१३ ऑक्टोबर
रस्त्याच्या पलीकडे, भगवानरावांच्या मळ्याला लागून अंगणवाडीची आखणी चाललीय! चुना टाकून. धावत गेले. भगवानराव शांतपणे म्हणाले, "ठरावात हाय तीच जागा, ताई."
साफ खोटं! उद्या नक्कल घेतल्याशिवाय हलायचं नाही. ती लावून थेट गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार. वस्तीतल्या बायकांनाही सांगितलं, कुणाचं कारस्थान आहे ते उद्या कागदावर दाखवते.

१४ ऑक्टोबर
नक्कल मिळाली. मळ्यालगतची जागा, सर्वानुमते मंजूर. खाली वस्तीच्या चौसष्ट सह्या. ठराव मांडणाऱ्याला सूचक म्हणतात. सूचक म्हणून माझं नाव आहे.
बायका ओट्यावर येऊन बसल्यात. "वाच की गं, रोहिणी."