सातशे मीटरवरचं हरीण

मंगळवार, २० मार्च २०१८

ग्रेगला आज जरा जास्तच बोलले का? बॉस आहे माझा. पण विचारलं त्यानंच.

पुढच्या आठवड्यात तो न्यूझीलंडला सासऱ्यांच्या फार्मवर हरणाच्या शिकारीला निघालाय. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे ऑफिसजवळच्या खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, टेबलावर जागा धरायला ठेवलेल्या टिश्यूवरच त्यानं पेननं दोन काडतुसांची चित्रं काढली. एक जुनं थ्री-झिरो-एट, दुसरं नवं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर. म्हणाला, "तू पुण्याला कॉलेजच्या रायफल टीममध्ये होतीस ना? सातशे मीटरवरून कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, कागदाचं टार्गेट असेल तर डोळे झाकून क्रीडमूर. गोळी निमुळती, वाऱ्यानं कमी सरकते, खांद्याला धक्काही कमी. हरणासाठी मात्र इतक्या लांबून दोन्ही नकोत. दोनशेच्या आत जा, मग यातलं कुठलंही चालेल.

तो हसला. "मागच्या वेळी सातशेवर टार्गेटला दहातल्या आठ लागल्या होत्या."

"आणि उरलेल्या दोन?"

त्यानं कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळली. मग म्हणाला, "तू कधी हरीण मारलंयस?"

तेव्हा गप्प बसले, तेच संध्याकाळपासून डोक्यात आहे. तो टिश्यू पर्समधून घरी आलाय. चित्रांखाली त्यानं ७०० लिहिलेलं. ते खोडून मी आत्ता २०० केलं. उद्या त्याच्या टेबलावर ठेवणार आणि उत्तरही देणार. नाही मारलं. आयुष्यभर कागदावरच गोळ्या झाडल्या. म्हणून तर मला ठाऊक आहे, मी किती वेळा चुकते.