एकट्याने उचललेला आरसा

२ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. दुसरं कोणी ठेवताना दिसत नाही.
काचेच्या दुकानात मालकांनी आज सगळ्यांना रांगेत उभं करून जाहीर केलं. पुलापलीकडे नवं दुकान उघडतंय. या महिन्यात जो सर्वांत जास्त काचा न फोडता बसवेल, तो तिथला प्रमुख. भिंतीवर फळा लागलाय. एक काच बसली की एका नावापुढे एक खूण. एकाच नावापुढे.
प्रमुख मीच. प्रश्न फक्त महिना संपण्याचा.

३ मार्च
कॉलेज का सोडलं ते एकदा लिहून टाकतो. सर म्हणाले, माणूसजात सहकार्यावर टिकली. मी विचारलं, मग परीक्षेत शेजाऱ्याला उत्तर दाखवलं तर बाहेर का काढता? वर्ग हसला. त्यानंतर मी गेलोच नाही. (मला तसं बाहेर काढलं होतं, हा वेगळा विषय.)
आई म्हणते, कॉलेज अर्धं टाकलंस, पानात मात्र काही टाकत नाहीस. दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

४ मार्च, दुपार
प्रमुख का व्हायचंय, त्याचं खरं कारण आज लिहितो. काच कापायच्या हत्याराच्या टोकाला हिरकणी असते. आमच्याकडे ते जी चालवते, तिला मी मनात हिरकणीच म्हणतो. ओठ मिटून एक रेघ ओढते, टिचकी मारते, काच सरळ दुभंगते. माझं काळीजही तसंच गेलं. आवाजसुद्धा आला नाही.
दुकानातल्या लंबूला ती 'अरे' म्हणते. मला 'अहो'. अहो! आणखी काय पुरावा हवा?
प्रमुख झालो की विचारणार. अर्धवट शिकलेल्या हेल्परला कोण हो म्हणेल? प्रमुखाला म्हणेल.

५ मार्च
मोठी काच दोघांनी न्यायची, हा या धंद्याचा नियम. पुढचा उलटा चालतो, त्याला काही दिसत नाही. मागचा बघतो आणि सांगतो. 'पायरी', 'खड्डा', 'डावीकडे घे'. पुढच्याने मुकाट ऐकायचं. माझ्यासारख्या स्वभावाच्या माणसाला हे जड जातं. त्यातून माझा जोडीदार लंबू.
लंबू म्हणाला, खूण आज तुझ्या नावावर, उद्या माझ्या. मी म्हणालो, वाघ पाळीपाळीने शिकार करत नाही. तो म्हणाला, वाघ खिडक्याही बसवत नाही. हलका विनोद. मी काच पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती.

८ मार्च
सगळ्यांनी आपापसात पाळी लावून घेतलीय! फळ्यावर सगळ्यांच्या खुणा सारख्या, शाळेतल्या मुलांच्या रांगेसारख्या. याला महत्त्वाकांक्षेचा दुष्काळ म्हणतात.
संकल्प: आजपासून कोणाचंही टोक धरणार नाही. लहान काचा घेणार, ज्या एकट्याला पेलतात. बेसिनवरचे आरसे, झरोक्यांच्या काचा, फोटोच्या काचा.
संध्याकाळी फळ्यावर सर्वांच्या पुढे! रात्री बाबा म्हणाले, एका हाताने टाळी वाजत नाही. मी म्हणालो, मला टाळी वाजवायची नाही, घ्यायचीय. बाबांनी कपाळाला हात लावला. कौतुकानेच.

११ मार्च
हिरकणीने विचारलं, अहो, जरा टोक धरता का? माझा जीव धावला, पण तत्त्व आडवं आलं. नम्रपणे सांगितलं की सध्या मी स्पर्धेत आहे. ती म्हणाली, बरं.
त्या 'बरं'मध्ये किती आदर होता! लंबूने टोक धरलं. धरू दे. टोकंच धरत राहील जन्मभर.

१५ मार्च
बोट कापलं. दोष मोजायच्या पट्टीचा.
लहान काचा संपल्या. बाकीचे मोठ्या बसवून हळूहळू जवळ येताहेत. माझं टोक धरायला कोणी तयार नाही. लंबू हसून म्हणाला, आम्हीसुद्धा स्पर्धेत आहोत रे बाबा. किती खालच्या पातळीवर उतरतात लोक.
सलूनचा मोठा आरसा जायचाय. तो मी एकटा नेणार. योजना तयार. हातगाडी, दोरी, आईची गादी.

१६ मार्च
आई सकाळपासून गादी शोधतेय. मी शोधायला मदत केली.
आरसा सलूनच्या दारापर्यंत मस्त पोचला. तिथून आत न्यायला उचलला आणि लक्षात आलं की समोर फक्त मी. नुसता माझा चेहरा. पायऱ्या त्याच्या पलीकडे कुठेतरी. पुढे जाता येईना, खाली ठेवता येईना. नाकाला खाज सुटली. आतून तोंडाला साबण लावलेले लोक सल्ले देऊ लागले. सलूनवाला म्हणाला, माझे दोन्ही हात गुंतलेत, तुम्ही या सावकाश. आरसा बोटांतून निसटू लागला. चेहऱ्यावर मात्र कमालीचं धैर्य होतं. मला नीट दिसत होतं.
तेवढ्यात बाजूने आवाज: अरे थांब! पायरी तुटकीय! हिरकणी. गादी हातगाडीवर बघून दुकानातून मागोमाग आली होती म्हणे. तिने टोक धरलं. ती सांगत गेली, मी ऐकत गेलो. आरसा बसला. खूण तुमच्याच नावावर घ्या, म्हणाली.
अहोवरून अरेवर! जवळीक वाढतेय.

३१ मार्च
जिंकलो! एका खुणेने!
मालकांनी भाषण केलं. म्हणाले, स्पर्धेमुळे या महिन्यात दुपटीने काम झालं. मग नव्या दुकानाचे प्रमुख म्हणून त्यांच्या मेहुण्याचं नाव जाहीर केलं. मेहुण्याने आजवर काच फक्त चष्म्यात पाहिलीय. त्याला शिकवायचा मान विजेत्याला, म्हणजे मला. प्रमुखाचा गुरू. विचार केला तर हे पद वरचंच. दिवसभर विचार करतोय.

१ एप्रिल
हिरकणी म्हणाली, संध्याकाळी बोलायचंय. इस्त्रीचा शर्ट घातला. चहाच्या टपरीवर गेलो, तर तिच्याबरोबर लंबू आणि दुकानातले सगळे.
ते काम सोडताहेत. मिळून स्वतःचं दुकान टाकणार. महिनाभर पाळीपाळीने काम करताना हेच ठरत होतं. हिरकणी म्हणाली, तुम्हीपण या, हिस्सा सगळ्यांचा सारखा. मी विचारलं, माझं पद? ती म्हणाली, पद नाही हो, काम आहे. मी विचारलं, मग पहिला कोण? लंबू म्हणाला, जो सकाळी लवकर येईल तो, कुलूप उघडायला.
सगळे हसले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, मी इथेच राहून तुमच्याशी स्पर्धा करीन! आणि तिला एकटीला काही सांगायचं होतं, ते राहिलं.
ती म्हणाली, बरं.
या वेळी आदर नीट ऐकू आला नाही. टपरीवर फार गोंगाट होता.

४ एप्रिल
बाकीचे गेले, आता दुकानात फक्त मी आणि मेहुणा. शोकेसची मोठी काच न्यायची होती. मी पुढे, तो मागे. त्याला बजावलं, दिसेल ते सांगत राहा. तो सांगत राहिला. समोरच्या दुकानातला शर्ट चांगला आहे, आभाळ भरून आलंय, कुत्रं किती गोड आहे. पायरीबद्दल काही बोलला नाही.
आवाज बराच मोठा झाला.
मालकांनी फळा पुसून पुन्हा लावलाय. मेहुण्याचं नाव त्यावर नसतं, त्यामुळे माझं एकट्याचंच आहे. म्हणजे पहिला मीच. शेवटचाही मीच, पण हे मालकांनी गिऱ्हाइकासमोर म्हणायला नको होतं.