हत्तीसमोर उभा राहिलेला बाबालाल

कोल्हापूर,
ता. २ ऑक्टोबर १९०९

ती. रोशनबी आपा हिस, धाकट्या बाबालालचा सलाम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. अब्बांचा दमा रोज्यांत उसळतो, पण कुणाचं ऐकतील तर ते अब्बा कसले. तू शिरोळहून धाडलेली काकवी पोचली. निम्मी मीच संपवली, घरात सांगू नकोस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साठमारी ठरली आहे. माजावरच्या हत्तीला भाल्यानं डिवचून अंगावर घ्यायचं आणि तो आला की दगडी बुरुजाच्या फटीत शिरायचं, हे काम यंदा माझ्याकडं आलं. अब्बांनी जन्मभर हेच केलं, त्यामुळं त्यांना कोण आनंद. पण आपा, तुलाच म्हणून सांगतो. गेल्या खेळात आपला चुलतभाऊ निसार फटीत शिरायच्या आत हत्तीनं त्याला सोंडेत धरून आपटलं. मी हातभर अंतरावर होतो. निसार वाचला, पण कमरेखाली हलत नाही. तेव्हापासून हत्तीनं कान फुलवले की माझे पाय जमिनीत रुततात. सरावाला म्हातारा हत्ती असतो, म्हणून निभावलं. अब्बांना सांगायला गेलो, तर ते माझ्यासाठी मुंडासं रंगवून आणायला निघाले होते. तसाच मागं फिरलो.

दाजींना सलाम, पोरांना पापा. भावावरचा जीव आहे तेवढा राहू दे.

तुझा बाबालाल

शिरोळ,
ता. ७ ऑक्टोबर १९०९

चि. बाबालाल यास, रोशनबीच्या पोटभर दुवा. वि. वि.

पत्र वाचलं नि तव्यावरची भाकरी करपली. तुझे दाजी म्हणतात, सरळ ताप आला म्हणून पडून राहायचं. मी म्हटलं, अब्बा तापासकट उचलून नेतील. लहानपणी बोक्याला भिऊन धूम कौलावर चढणारा तू, तुझे पाय अडतात हे मला खरंच वाटेना.

मी यावं म्हटलं, तर सासूबाई अंथरुणाला आणि वाटेत पंचगंगेचं पाणी अजून उतरलेलं नाही. अब्बांना मीच लिहू का? पण तू जन्मात माझं तोंड बघणार नाहीस. तूच सांग रे. बाप आहे, खाणार नाही तुला. ईदेला त्यांच्या पाया पडशील तेव्हाच बोलून टाक. नमाजेला बसले की मला नुसते तुझे पाय दिसतात.

जिवाला जप. आपाची माया आहेच.

रोशनबी

कोल्हापूर,
ता. २६ ऑक्टोबर १९०९

ती. आपास, सलाम. वि. वि.

जिवंत आहे, हे आधी वाच.

ईदेला बोललो नाही. अब्बांनी आल्यागेल्याला खेळाचं आवतण दिलं होतं.

मैदानाच्या भिंतीवर माणूस मावत नव्हता. हत्ती सुटला, मी भाला टोचला, तो वळून माझ्यावर निघाला. बुरूज पाठीशीच होता. पाय उचलेनात. भाला हातातून गळला.  हत्ती अंगावर आला आणि का कोण जाणे, थबकला. माझ्या छातीवरनं सोंड फिरवली. तेवढ्यात जोडीदार बाळासोनं फडकं नाचवून त्याला पलीकडं वळवलं आणि मला ओढून फटीत घातलं. माझी चड्डी भिजली होती, आपा.

बाहेर मात्र लोक बेभान. त्यांना वाटलं, मी मुद्दाम भाला टाकून हत्तीच्या डोळ्याला डोळा भिडवला. मला दरबाराकडून मानाचा पोशाख मिळाला, खांद्यावरनं मिरवलं. खरं सांगायला तोंड उघडावं, तर कुणीतरी त्यात पेढा कोंबायचं. आता शिमग्याच्या खेळात बड्या पाहुण्यांना हेच दाखवायचं ठरलंय. भाल्याशिवाय. हत्ती नवा, ह्याच्याहून तापट. बाळासोला खरं ठाऊक आहे. तो म्हणतो, आता माघार घेतलीस तर तुझा बा लोकांत तोंड दाखवणार न्हाय.

काय करू? काहीही सुचलं तरी कळव. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

बाबालाल

शिरोळ,
ता. १४ नोव्हेंबर १९०९

चि. बाबालाल यास, दुवा. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण अब्बाच इथं येऊन राहिले होते. तुझा खेळ मला सांगायला एवढ्या दम्यात बैलगाडीनं आले. गल्लीतल्या प्रत्येक दारात सांगून झालं. तुझे दाजी कंटाळून मळ्यात जाऊन बसले.

मी धीर केला. विचारलं की अब्बा, समजा त्याचे पाय भीतीनंच अडले असतील तर? अब्बा खो खो हसले. म्हणाले, पोरी, भ्यालेलं माणूस पळतंय, हुबं ऱ्हात न्हाय की! मग जवळ सरकले. म्हणाले, माझा सगळा जन्म पळण्यात गेला. दर खेळाला भ्यायलो, कुणाला बोललो न्हाय. पोरगं उभं राह्यलं, आता डोळं मिटायला मोकळा. आणि लहान पोरासारखे रडले. रडता रडता दम लागला. मी पाठ चोळत बसले. खरं सांगायचं राहूनच गेलं.

मी थोरली, तू मला विचारतोस, आणि मला काही म्हणता काही सुचत नाही. शिमग्याला मी येते. बायकांच्या बाजूला भिंतीवर उभी असेन. तुला तिथनं ओळखू येणार नाही, पण मी असेन.

तुझी,
रोशनबी आपा