ऑरिनच्या मागची रांग

व्हर्जिनिया, मे १८६४

प्रिय अल्मायरा,

तुझं पत्र मिळालं. सोबतची मेपल साखर वाटेत निम्मी विरघळली होती, उरलेली आम्ही कागदासकट चाटली. तू एकच विचारलंयस: जुलैत फौजेतली तीन वर्षं भरतायत, गवत कापायला येशील ना? उत्तर देतो, पण जरा दम खाऊ दे. दमलोय गं. आमच्या रेजिमेंटचा पराक्रम विचारशील, तर इकडचा चिखल बुटांनी तिकडे नेला आणि तिकडचा इकडे आणला. लढायांची नावं मला आता लागोपाठ आठवतही नाहीत.

भरतीच्या वेळी गावच्या चर्चपुढच्या मैदानात आम्ही कॅप्टन निवडला तो दिवस मात्र लख्ख आठवतो. ना चिठ्ठी, ना हात वर. जो हवा त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. वकिलाच्या मुलाने लांबलचक भाषण ठोकलं. तुझा भाऊ ऑरिन नुसता खिशात हात घालून उभा, तरी रांग त्याच्यामागेच लागली, पार कुंपणापर्यंत. आई म्हणाल्या, "घरची गाय ऐकत नाही याचं, आणि हा फौज हाकणार!" मग हळूच मला म्हणाल्या, "जावईबापू, लक्ष असू द्या हो त्याच्यावर." मी हो म्हटलं.

कॅप्टन होऊनही तो आपल्या गावचा लोहारच राहिला. ज्याचे पाय सोलवटले त्याची बंदूक स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. मला डिवचायचा, "दाजी, उचला पाय, ताईला काय तोंड दाखवू मी?"

काल संध्याकाळी पाइनच्या रानात आम्ही पुन्हा कॅप्टन निवडला. कर्नल म्हणाले, तुमची रीत आहे, तुम्हीच ठरवा. मी आमच्यातल्या म्हाताऱ्या लायमनच्या मागे जाऊन उभा राहिलो. मागे पावलं वाजली. वळून बघतो तर सगळे माझ्यामागे, आणि लायमनही वळसा घालून रांगेच्या शेवटी! मी ओरडलो, "गाढवांनो, मला जुलैत गवत कापायचंय!" लायमन म्हणाला, "आम्हालाही कापायचंय बाबा. म्हणून तर तुझ्यामागे आलो." कोणी हसलं नाही. रांग मागच्या झाडापर्यंतही पोचत नव्हती. नाही म्हणता आलं असतं. पण मग कोणी परका अधिकारी आला असता, आणि जुलैपर्यंत यातले किती उरले असते कोण जाणे. मी हो म्हटलं.

कॅप्टनची जागा का रिकामी झाली, हे तू एव्हाना ओळखलं असशील. ऑरिन परवा सकाळी गेला. मी जवळ होतो, त्याचा हात माझ्या हातात होता. फार तडफडला नाही. तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, खरंच नाही तडफडला. माझं लक्ष होतं गं, पण लक्षाने गोळी अडत नाही. पेपरात नाव यायच्या आत आईंकडे जा. त्यांचं गाईचं दूध काढून होऊ दे, मग सांग. आणि यंदाचं गवत शेजाऱ्यांना अर्ध्या वाट्याने दे. नव्या कॅप्टनची तीन वर्षं निवडीच्या दिवसापासून नव्याने मोजतात. जुलैत ही पोरं गावच्या स्टेशनवर उतरतील. तू त्यांना घ्यायला जा, लायमनला घरी जेवू घाल. गर्दीत मला मात्र शोधू नकोस.

तुझाच, दमलेला,
लेवाय