माझा खांदा उत्तम आहे

५ जानेवारी
आज आबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. गोठ्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आतला बॉल बदलला. डॉक्टरांचं काम संपलं. आता माझं सुरू.
डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपिस्ट लावा. मी हसलो आणि त्यांना माझं कार्ड दिलं: सुहास, सर्टिफाइड फिटनेस कोच, वराळे. त्यांनी कार्ड नीट वाचलं आणि पुन्हा म्हणाले, फिजिओ लावा. कमी ऐकू येत असावं.
संकल्प: पावसाळ्याच्या आत माझा बाप लोहगड चढेल. गावातला एकही माणूस म्हणणार नाही की सुहासची जिम म्हणजे नुसते आरसे.
गाडीतून उतरवताना आबांना आधार दिला, तेव्हा उजव्या खांद्यात कळ आली. मसल जागा होतोय. चांगलं लक्षण.

७ जानेवारी
विश्वासघात. मला न विचारता अनघाने फिजिओ बोलावली. नवऱ्याची स्वतःची जिम असताना! अनघा म्हणाली, "अहो, तुमच्याकडे डंबेल आहेत. आबांना डंबेल नकोयत."
डॉक्टर यशोधरा तळेगावहून स्कूटरवर आल्या. वय माझ्यापेक्षा बरंच कमी. आल्या आल्या व्यायाम नाही, काही नाही, खुर्ची ओढून आबांसमोर बसल्या आणि विचारलं, "आबा, तुम्हाला काय करता यायला हवंय?"
हा काय प्रश्न झाला? लोहगड, मी म्हणणार होतो. तेवढ्यात आबा बोलले, "मला एकट्याला संडासला जायचंय. सून भायेर उबी ऱ्हाती, पोरगा भायेर उबा ऱ्हातो. लाज वाटती."
मॅडम म्हणाल्या, मग आपण तेच करू.
इतकं छोटं ध्येय! मला बापाबद्दल वाईट वाटलं.
नंतर वॉकर धरून उठायचं कसं, पावलं टाकायची कशी ते शिकवलं. सध्या खाली बसायचं नाही, उकिडवं तर अजिबात नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमोडची उंच खुर्ची आणा, असं सगळं सांगितलं. घाबरट पद्धत आहे.
निघताना मला म्हणाल्या, "सर, उजव्या खांद्याला काही होतंय का? कॉलर डाव्या हाताने नीट केलीत."
म्हटलं, मी दोन्ही हातांनी सारखाच आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
अनघाने वरच्या फळीवरचा तिळाचा डबा काढून मागितला. मी तत्त्व म्हणून नकार दिला. घरातल्या प्रत्येकाने स्वतःची हालचाल स्वतः करावी. ती स्टुलावर चढली. पोटऱ्यांना उत्तम व्यायाम.

२२ जानेवारी
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी उलटसुलट सांगायला नको.
अनघा बाजारात गेली होती. मॅडमचा वार नव्हता. आबा वॉकर घेऊन घरात चालत होते, पण गोगलगाईसारखे. या वेगाने माणूस लोहगडवाडीच्या पार्किंगपर्यंतसुद्धा पोचणार नाही. मी वॉकर बाजूला केला. म्हटलं, आबा, तुम्ही सारं आयुष्य शेतात उकिडवं बसून काढलंत, ताकद तिथेच आहे, ती परत आणू. खाटेला धरा आणि बसा.
आबा म्हणाले, "मॅडम नगं म्हनल्यात."
म्हटलं, मॅडम लोकांना बरं करतात. मी लोकांना तयार करतो.
आबा माझ्याकडे बघत राहिले. मग बसायला लागले. माझ्यावर विश्वास ठेवून, हे मुद्दाम नोंदवतो. अर्ध्यात असताना ओरडले. आबांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. खाट धरून तसेच लटकले, तोंड राखेसारखं झालं. तेवढ्यात बाजारातून आलेली अनघा दारात पिशव्या टाकून धावली.
आम्ही त्यांना हळूच आडवं केलं आणि तळेगावला नेलं. गाडी चालवताना माझे हात घामाने ओले झाले होते. एसी बिघडलाय, दाखवायला हवा.
एक्स-रे काढला. बॉल जागेवर आहे. म्हणजे माझा व्यायाम सुरक्षित असल्याचं मशीननेच सिद्ध केलं. हे परतताना गाडीत मी अनघाला सांगितलं. तिने काच खाली केली आणि उर्शाच्या डोंगराकडे बघत बसली.

२३ जानेवारी
आबा बोलत नाहीत.
मॅडम आल्या. रागावतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. रागावल्याच नाहीत, त्यामुळे सगळी वाया गेली. फक्त स्वतःची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत ठेवून दाखवली. मूठ म्हणजे बॉल, ओंजळ म्हणजे वाटी. आसपासचं मांस भरून येईपर्यंत माणूस फार खाली वाकला तर मूठ मागच्या बाजूने निसटते. मग पुन्हा ऑपरेशन.
हे मला माहीतच होतं.
संध्याकाळी जिममध्ये कोणी नसताना मूठ ओंजळीत ठेवून बघितली. बऱ्याच वेळा बघितली.

२ फेब्रुवारी
घरात नवीन व्यवस्था. आबांच्या व्यायामाला फक्त मॅडम आणि अनघा. मला लांब राहायला सांगितलंय. म्हणजे मी आता देखरेख विभाग. मोठ्या संस्थांमध्ये मुख्य माणूस असाच लांब असतो.

११ फेब्रुवारी
आबा आज एकटे संडासला गेले. वॉकर घेऊन, दार लावून. मी दाराबाहेर उभा होतो, निव्वळ योगायोगाने. कान दाराला लावला होता तोही योगायोगानेच.
आतून आबा ओरडले, "सुहाश्या, तुजी सावली दिसतीय दाराखालनं. जा की तिकडं!"
गेले तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नव्हते. आज बोलले. दाराबाहेरून मनोबल वाढवायच्या माझ्या पद्धतीला हळूहळू यश येतंय.

१९ फेब्रुवारी
खांद्याबद्दल. दुखतोय असं नाही. झोपेत त्या कुशीवर वळलो की जाग येते, एवढंच. शर्ट काढताना थोडी कसरत होते. कारण स्पष्ट आहे: ताकद कमी पडतेय. उपाय: आणखी वजन. रबरी पट्टा दाराला बांधून हात ओढायला सुरुवात केली आहे. डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे काम होतंय.

२७ फेब्रुवारी
जिममध्ये सत्यम म्हणून एक पोरगा आहे, चाकणला कंपनीत कामाला. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, सर, बार डोक्यावर उचलून दाखवा ना. म्हटलं, या आठवड्यात फक्त थिअरी.
तो म्हणाला, "सर, मागच्या आठवड्यातपण थिअरीच होती."
विषयच मोठा आहे.

८ मार्च
मॅडम १६ तारखेला लोणावळ्यात एक दिवसाचा वर्ग घेताहेत. जिमचे कोच, योगशिक्षक अशांसाठी: माणूस हलतो कसा, दुखणं ओळखायचं कसं. अनघाने माझं नाव देऊन टाकलं. आधी चिडलो. मग लक्षात आलं की हीच संधी. मावळातले सगळे ट्रेनर एका हॉलमध्ये, समोर मॅडम, आणि प्रश्न विचारायला मी. त्यांच्या मऊ मऊ पद्धतीचा तिथेच निकाल लावतो. आबांनाही नेतो. आता काठीवर चालतात. पुरावा म्हणून उभं करीन. बाप कोणाचा, हे तर कोणी नाकारू शकत नाही ना?
आबा म्हणाले, मला बी गाडीतनं फिराया भेटंल. तयार झाले.

१६ मार्च, रविवार
गाडी अनघाने चालवली. मी भाषणाची उजळणी करत होतो, शिवाय स्टिअरिंग वळवताना खांदा आडवा येतो. लोणावळ्यात रविवारची गर्दी, चिक्कीच्या दुकानांसमोर मुंबईच्या गाड्या आडव्यातिडव्या. उशीर झाला. आम्ही आत गेलो तेव्हा मॅडम बोलत होत्या.
मी लगेच हात वर केला. डावा. म्हटलं, मॅडम, हे सगळं ठीक, पण मुळात प्रत्येक दुखणं म्हणजे कमकुवतपणा. ताकद वाढवा, दुखणं पळतं. माझा अनुभव आहे.
मागून कोणीतरी "बरोबर" म्हणालं. हॉल माझ्या बाजूने होता.
मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बघू या ना करून. एखादा खांदा तपासू. कोण येतंय?"
मी कशाला दुसऱ्या कोणाला जाऊ देतोय? ऐटीत पुढे गेलो.
दोन्ही हात समोरून वर न्या म्हणाल्या. डावा गेला कानापर्यंत. उजवा खांद्याच्या उंचीला थांबला. मी कमरेतून बाजूला कललो, म्हणजे तेवढाच वर दिसेल. पहिल्या रांगेतल्या योगवाल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "हे कुठलं आसन?"
मग मॅडम म्हणाल्या, आता हात सैल सोडा, मी उचलते. उचलला. तिथेच अडकला. कोपर पोटाशी ठेवून पंजा बाहेर वळवायला गेल्या, तर दाराला कडी लावल्यासारखं.
मॅडम सगळ्यांना सांगू लागल्या: नुसती ताकद कमी असती तर दुसऱ्याने उचलल्यावर हात वर गेला असता. इथे दुसऱ्याच्या हातानेही जात नाही. म्हणजे सांध्याभोवतीचं आवरणच आखडलंय. अशा दुखऱ्या खांद्याला जोर लावून ओढलं की तो आणखी चिडतो. कोच म्हणून आपलं पहिलं काम ओढणं नाही, ओळखणं.
हॉल वह्यांमध्ये लिहायला लागला. माझ्या खांद्याबद्दल!
मी प्रसंगावधान राखलं. मोठ्याने म्हटलं, मित्रांनो, हे सगळं मी मुद्दाम करून दाखवलं. तुम्हाला शिकता यावं म्हणून.
टाळ्या पडल्या. काही लोकांनी खरंच वाजवल्या. आणि शेवटच्या खुर्चीवरून आबांचा आवाज आला, "खोटं बोलतोय त्यो. दोन म्हैनं झालं, ह्याला सोताची पाठ खाजवता येत न्हाई. दाराच्या चौकटीला घासतो, म्हशीवानी."
सगळा हॉल हसत सुटला.
आता मागे हटणं शक्यच नव्हतं. म्हटलं, बघा! आणि डाव्या हाताने उजवा मनगटात धरून सगळ्या ताकदीनिशी वर ओढला.
पुढचं थोडं पुसट आहे. मी जमिनीवर बसलो होतो. मॅडम शेजारी बसून सांगत होत्या, श्वास घ्या, हात पोटाशी धरा, काही मोडलेलं नाही. सगळे हसायचे थांबले होते. ते जास्त वाईट.
आणि समोरून आबा येत होते. कोणाचा हात न धरता खुर्चीतून उठले होते आणि काठी टेकत, लोकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत, अख्खा हॉल ओलांडून येत होते. व्यवस्थित चालत होते. दोन्ही पायांवर सारखा भार देत होते. मी कोच आहे, मला अशा गोष्टी दिसतात.
जवळ येऊन उभे राहिले. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून काठीचं टोक माझ्या गुडघ्याला लावलं आणि म्हणाले, "ऊठ. हितं लोकांच्यात नगं बसू."
जाताना मॅडमनी बाजूला घेऊन हळू विचारलं, रक्तातली साखर कधी तपासलीय का? असा खांदा आखडला की बऱ्याचदा वाढलेली निघते. म्हटलं, मी प्रोटीन खातो.

१९ मार्च
साखर वाढलेली निघाली. लॅबचं मशीन जुनं आहे.

२० मार्च
दुसऱ्या लॅबचंही जुनं आहे.
अनघाने चहात साखर घातली नाही. मी निषेध म्हणून चहा घेतला नाही. मग घेतला.

२४ मार्च
मॅडमच्या क्लिनिकमध्ये गेलो. पेशंट म्हणून नाही, अभ्यास म्हणून. आबांना सोबत घेतलं, कारण त्यांची तपासणी होती. निदान घरातून निघताना तसं ठरलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आबा म्हणाले, "म्या आलोय तुला घिऊन."
बाकड्यावर सत्यम बसला होता, कमरेला हात लावून. म्हणाला, सर, तुमच्या थिअरीनंतर मी एकट्याने जास्त वजन उचललं. मी म्हटलं, मी इथे मीटिंगला आलोय. मग आम्ही दोघं भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता खूप लक्ष देऊन बघत बसलो.
मॅडमनी सांगितलं: पट्टा बंद, वजन बंद. टेबलावर डावा हात टेकायचा, वाकायचं आणि उजवा सैल सोडून हळूहळू झुलवायचा. बस, एवढंच. वराळ्यात माझ्या बोर्डावर मी दोन्ही हातांनी बार उचललेला फोटो आहे आणि इथे मी रिकामा हात झुलवतोय.
किती दिवस लागतील, मी विचारलं. दिवस नाही, महिने, मॅडम म्हणाल्या. साखर आटोक्यात आली तर बरं. मी म्हटलं, मला निम्मा वेळ पुरे. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून नाही.
नंतर शर्ट. हात बाहीत जाईना. मॅडम म्हणाल्या, दुखरा हात आधी घालायचा, चांगला नंतर. त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. मी पडद्यामागे उभा, पाठ उघडी, एक बाही लोंबतेय. आबा आत आले. काठी भिंतीला लावली, दोन पायांवर घट्ट उभे राहिले आणि बाही माझ्यासमोर धरली. मी हात घातला. दुसरी बाही त्यांनी मागून फिरवून आणली.
म्हणाले, "लय दुकतंय का रं?"
म्हटलं, नाही.
ते बटणं लावायला लागले. मी ठणकावून सांगितलं, बटणं मी लावणार. काही झालं तरी मी लावणार.
एक लावलं. चुकीच्या काजात गेलं. आबांनी ते काढलं आणि वरपासून लावत आले.